पट्टीचा संदेश दोनदा का गेला: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आडत्याच्या गाळ्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सकाळी त्या गाळ्यावरून हिशोब बघणाऱ्या मेहताजींचा फोन आला. "ताई, जमलं तर आज मार्केटात येऊन जा." एरवी ते फोनवरच काम सांगून मोकळे होतात, त्यामुळे हातातलं सोडून महाप्याच्या ऑफिसातून लगेच निघाले. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. सौदे आटोपले होते. मेहताजी मोबाइल समोर ठेवून वाट बघत बसले होते.

झालं ते असं. जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याने गेल्या आठवड्यात एकाच गाडीतून कांद्याचे दोन लॉट पाठवले. एक त्याच्या नावाचा, एक भावाच्या. दोन्ही ४०-४० गोण्यांचे, आणि मोबाइल नंबर दोघांचा एकच. शनिवारी त्याचा लॉट विकला गेला, पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) झाली, आपल्या सिस्टिमने त्याला एसएमएस पाठवला. आणि लगोलग तोच एसएमएस पुन्हा गेला. त्यात गोण्या, वजन, भाव आणि निव्वळ रक्कम एवढंच होतं, पट्टी नंबर नव्हता. दोन लॉट, दोन संदेश. त्याने दोन्ही विकले गेले असं धरलं आणि रविवारी पुढची गाडी भरून रवाना केली. भावाच्या गोण्या अजून गाळ्यावर पडून, आज त्यात नवा माल, आणि बाजार शनिवारपेक्षा खाली.

वजनही हुबेहूब सारखं कसं, हे त्याने ताडून पाहायला हवं होतं, असं कुणी म्हणू शकेल. मला ते पटत नाही. आडत्याकडून आलेल्या हिशोबावर शेतकऱ्याने विश्वास ठेवायचा असतो, त्यावरच हा धंदा चालतो. मेहताजी म्हणाले, "ताई, निरोप आमच्या नावाने गेला. तो आमचा शब्द झाला."

तिथेच बसून लॉग काढला. १ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंदांनी पहिली विनंती एसएमएस गेटवेकडे, म्हणजे आमचे संदेश मोबाइल कंपन्यांकडे पोचवणाऱ्या सेवेकडे, गेली. दहा सेकंद उत्तर नाही. १ वाजून ४२ मिनिटं १७ सेकंदांनी दुसरी विनंती गेली, तिला लगेच होकार आला. आमच्या नोंदीत 'पहिला प्रयत्न अयशस्वी, दुसरा यशस्वी'. गेटवेच्या पोच-अहवालात मात्र दोन्ही संदेश हँडसेटवर पोचलेले.

म्हणजे आम्ही ज्याला अयशस्वी म्हणत होतो ते अयशस्वी नव्हतंच. उत्तर आलं नव्हतं, इतकंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर पाठवण्याचा कोड वाचला. दोन वर्षांपूर्वीचा आहे, लिहिणारा आता टीममध्ये नाही, पण रिव्ह्यू माझा होता. तेव्हा जबाबदारी माझी.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ते, असा लिहिलाय: प्रॉमिस.रेस, म्हणजे दोन चालू कामांची शर्यत, एका बाजूला पाठवण्याची विनंती, दुसऱ्या बाजूला दहा सेकंदांचा टायमर. जो आधी संपेल त्याचा निकाल. वाचायला सुटसुटीत वाटतं. पण रेसमध्ये हरलेलं प्रॉमिस थांबत नाही. टायमर जिंकला तरी विनंती वायरवरून पुढे गेलेलीच असते, गेटवे ती घेतो, संदेश पाठवतो, आणि त्याचं उत्तर येतं तेव्हा ते ऐकायला इकडे कुणी नसतं.

अबॉर्ट-कंट्रोलर (चालू विनंती मध्येच सोडून देणारी सोय) लावला तर सुटेल का, असं टीममधल्या नव्या मुलाने विचारलं. लावायचाच आहे, कनेक्शन विनाकारण उघडी राहू नयेत म्हणून. पण त्याने आपल्या बाजूचं ऐकणं थांबतं. समोरच्याने विनंती आधीच वाचली असेल तर ती परत बोलावता येत नाही. पेटीत टाकलेलं पत्र घरी येऊन फाडता येत नाही, तसं.

संध्याकाळी दुसरी गोष्ट सापडली, आणि ती मला जास्त लागली. प्रत्येक विनंतीबरोबर आपण गेटवेला एक रेफरन्स क्रमांक पाठवतो. तो क्रमांक तयार होत होता रिट्रायच्या, म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याच्या, लूपच्या आत. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक. गेटवेच्या दृष्टीने शनिवारच्या त्या दोन विनंत्यांचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता, दोन वेगळे संदेश होते. आम्हीच त्यांना तसं सांगत होतो.

एक ओळ लूपच्या बाहेर हवी होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी बैठक. पहिली सूचना: रिट्राय काढूनच टाकू. मेहताजींना पडद्यावर लाल खूण दिसेल, ते बटण दाबतील. मी नको म्हटलं. दुपारी एक ते तीन या वेळात मेहताजी एका हाताने पट्ट्या करतात, दुसऱ्याने रोकड मोजतात, कानाला फोन असतो. लाल खूण दिसली की ते बटण दाबणारच, आणि दाबताना पहिला संदेश पोचला की नाही हे त्यांनाही कळणार नसतं. तीच चूक फक्त माणसाच्या हातून होईल.

नेटवर्क पडतं, समोरचा सर्व्हर रीस्टार्ट होतो, कनेक्शन मध्येच तुटतं. यातलं बरंचसं काही सेकंदांत आपोआप सुधारतं, म्हणून पुन्हा प्रयत्न हवाच. आधी ठरवायचं ते हे की पुन्हा केल्याने काय होईल. बाजारभाव वाचायची विनंती दहादा केली तरी कुणाचं काही जात नाही. एचटीटीपीच्या २०२२ च्या मानकात, आरएफसी ९११० मध्ये, हा भेद स्पष्ट आहे: गेट, पुट, डिलीट या प्रकारच्या विनंत्या पुन्हा केल्या तरी परिणाम एकदाच केल्यासारखा असला पाहिजे, पोस्टला ती हमी नाही. संदेश पाठवणं ही पोस्ट. रिट्राय लिहिताना त्या शब्दाकडे आम्ही बघितलंच नव्हतं.

दुपारी, सगळं उघडलंच आहे तर म्हणून, बाजारभावाचं मॉड्यूल पाहिलं. तिथे उलटा प्रकार. रिट्राय लिहिलेला आहे आणि तो आजवर एकदाही चाललेला नाही. असिंक फंक्शनच्या ट्राय ब्लॉकमध्ये (इथे झालेली चूक पुढचा कॅच पकडतो) 'रिटर्न भाव-आणा' असं लिहिलंय, मध्ये अवेट, म्हणजे 'निकालाची वाट बघ', नाही. अवेट नसल्यामुळे प्रॉमिस फेल होण्याआधीच फंक्शन ट्रायमधून बाहेर पडतं, कॅचला काही पकडायला उरत नाही. 'रिटर्न अवेट' केलं आणि लगेच रिट्राय होऊ लागले.

त्याच फाइलमध्ये आणखी एक. रिट्राय करणाऱ्या फंक्शनला द्यायचं होतं दुसरं फंक्शन, दिलं होतं आधीच सुरू झालेलं प्रॉमिस. एकदा निकाल लागलेलं प्रॉमिस पुन्हा चालत नाही, ते तोच निकाल देत राहतं. तीन वेळा अवेट केलं तर तीच एक चूक तीन वेळा मिळते, विनंती एकदाच गेलेली असते. नव्या मुलाला फळ्यावर समजावलं: प्रॉमिस म्हणजे चाललेलं काम, फंक्शन म्हणजे कामाची कृती. पुन्हा करायचं तर कृती हातात हवी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कुठल्या चुकीवर पुन्हा प्रयत्न करायचा, यावर अख्खा दिवस गेला. वेळ सार्थकी लागला.

आजवर सगळ्या चुकांना एकच वागणूक होती: तीन प्रयत्न, लागोपाठ. महिन्याभराचे लॉग पाहिले तर सगळ्यात जास्त रिट्राय ज्या चुकीवर झाले ती रिट्रायने सुटणारीच नव्हती. दूरसंचार नियामक ट्रायच्या (TRAI) २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएससाठी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-प्रणालीवर, आधी नोंदवावा लागतो. मजकूर साच्याशी जुळला नाही की संदेश अडतो. आपल्याकडे एका मालाचं नाव टाकताना शेवटी जादा स्पेस आणि ओळ-तोड जात होती, साचा जुळत नव्हता. तो संदेश तीनदा पाठवा नाहीतर तीनशेदा, अडणारच. तो थेट माणसापुढे यायला हवा.

तीन कप्पे ठरले. पहिला, समोरच्याने स्पष्ट नकार दिला आणि कारण आपल्याकडे आहे: साचा चुकला, नंबर चुकीचा, गेटवेने दिलेली ओळखीची चावी बाद. इथे थांबायचं. दुसरा, समोरच्याने स्पष्ट सांगितलं की आत्ता जमत नाही: ४२९ (फार विनंत्या आल्या) किंवा ५०३ (सेवा सध्या बंद). विनंती घेतली नाही असं धरलं, म्हणून थांबून पुन्हा पाठवणं सुरक्षित. तिसरा, काहीच कळलं नाही: टाइमआउट, मध्येच तुटलेलं कनेक्शन. शनिवारचा प्रकार या तिसऱ्यातला. इथे आधी विचारायचं, मग पाठवायचं.

कनेक्शन जुळलंच नाही, तर ते मी दुसऱ्या कप्प्यात टाकलं. विनंती आपल्याकडून निघालीच नाही.

गेटवेच्या ५०० चं (सर्व्हरच्या आतल्या चुकीचं) काय, यावर एकमत झालं नाही. मी तिसऱ्यात ठेवलंय. सर्व्हर आत कोसळला तो संदेश पाठवण्याआधी की नंतर, हे ५०० सांगत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुद्दाम मार्केटात गेले. मेहताजींना विचारायचं होतं की सॉफ्टवेअर येण्याआधी पट्टी मिळाली नाही असा शेतकऱ्याचा निरोप आला तर ते काय करत.

त्यांनी खालच्या कप्प्यातून जुनं पट्टीबुक काढलं. कार्बन लावलेलं, वरची प्रत शेतकऱ्याला, खालची गाळ्यावर. कोपऱ्यात छापील नंबर. कुणी पट्टी मागितली की ते आधी बुक उघडत. तारीख आणि नाव शोधत. सापडली, तर खालच्या प्रतीवरून उतरवून वर मोठ्या अक्षरात 'नक्कल' लिहीत, आणि नंबर तोच. नवा नंबर फाडत नसत. "नवा नंबर फाडला म्हणजे नवा माल विकला. मग तो माल कुठाय, म्हणून शेठ विचारणार."

मी ते पान बराच वेळ बघत बसले. जांभळं कार्बन, त्यावर शाईने 'नक्कल', शेजारी ज्याच्या हाती दिली त्याची सही. आमच्या लूपमध्ये प्रत्येक प्रयत्नाला नवा रेफरन्स तयार होत होता, म्हणजे प्रत्येक वेळी आम्ही नवा नंबर फाडत होतो. मेहताजींनी तीस वर्षांत जे एकदाही केलं नाही, ते.

रेफरन्स आता पट्टी नंबरावरूनच बनेल. वेगळा यादृच्छिक क्रमांक नकोच.

निघताना त्यांनी एक अडचण सांगितली. भाव चुकून पडला तर पट्टी दुरुस्त होते, नंबर तोच राहतो. मग दुरुस्त पट्टीचा संदेश 'आधीच गेलाय' म्हणून अडेल. बरोबर आहे. त्यामुळे संदेश ओळखायची किल्ली अशी: पट्टी नंबर आणि दुरुस्ती क्रमांक. पहिली पट्टी शून्य, पहिली दुरुस्ती एक. ही गोष्ट ऑफिसात बसून मला सुचली नसती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डेटाबेसमध्ये 'निरोप' नावाचा तक्ता केला. पट्टी ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये जतन होते त्यातच निरोपाची ओळ पडते: दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. किल्लीवर युनिक बंधन, म्हणजे एका किल्लीची एकच ओळ. मेहताजींनी 'पाठवा' दोनदा दाबलं तरी दुसरी ओळ पडणार नाही.

आतापर्यंत रिट्राय प्रोसेसच्या मेमरीत होते. गेल्या वर्षी एकदा सर्व्हर भर दुपारी रीस्टार्ट झाला आणि वाट बघत असलेले सगळे निरोप हरवले. कुणाला कळलंही नव्हतं, शेतकऱ्यांचे फोन आले तेव्हा समजलं. आता प्रयत्नांची संख्या, पुढच्या प्रयत्नाची वेळ, शेवटची चूक, सगळं ओळीत राहील.

या तक्त्याच्या रांगेतून निरोप उचलून पाठवणारे प्रोग्राम, म्हणजे वर्कर, दोन आहेत. दोघांनी एकच ओळ उचलू नये म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचं 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरलं. ९.५ आवृत्तीपासून आहे: दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची उचलतो. ओळ उचलताना तिच्यावर दोन मिनिटांची मुदत लिहितो. वर्कर मध्येच मेला तर मुदत संपल्यावर दुसरा ती घेतो, पण घेताना ती तिसऱ्या कप्प्यातली धरतो. मेलेल्या वर्करने संदेश पाठवला होता की नाही, कुणालाच माहीत नसतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेटवेच्या लोकांशी फोनवर बोलणं झालं. एकच रेफरन्स दोनदा आला तर ते अडवत नाहीत. रेफरन्स देऊन स्थिती विचारता मात्र येते. त्यामुळे टाइमआउटनंतरचा क्रम: तीस सेकंद थांब, स्थिती विचार. 'मिळाला' आलं तर काम झालं. 'असा रेफरन्स नाही' आलं तर आणखी एक मिनिट थांबून पुन्हा विचार, कारण त्यांच्याकडे नोंद दिसायला उशीर लागू शकतो. दोन्ही वेळा 'नाही' आलं तरच पाठव.

यातही एक बारीक फट राहते: दोनदा विचारल्यावर पाठवलं आणि त्यानंतर पहिली विनंती कुठूनतरी जागी झाली. समोरचा स्वतः अडवत नाही तोवर ही फट पूर्ण बुजत नाही. ती अरुंद केली आहे, बंद केली आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

पैसे वळते करण्याच्या बाजूला याच पद्धतीने रिट्राय लावू का, असं गाळ्याच्या मालक शेठनी विचारलं. स्पष्ट नाही म्हटलं. संदेश दोनदा गेला तर माफी मागता येते. जिथे समोरची सेवा तीच किल्ली पुन्हा आली तर पहिल्याचाच निकाल परत देते, तिथेच आपोआप पुन्हा प्रयत्न. तोवर पैशाचं टाइमआउट झालं की माणूस बघेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टेस्टिंग बघणाऱ्या सहकारीने खोटा गेटवे लिहिला. तो विनंती घेतो, संदेश जतन करतो आणि मुद्दाम उत्तर देत नाही. शनिवारचा प्रसंग जसाच्या तसा. त्याच्यापुढे जुना कोड चालवला तर तीन संदेश जतन व्हायला हवे होते. झाले नऊ.

शोधलं. खाली गॉट ही एचटीटीपी लायब्ररी आहे. ती स्वतःच दोन वेळा पुन्हा प्रयत्न करते, पण मुळात पोस्टसाठी करत नाही. आमच्या कॉन्फिगमध्ये पोस्ट त्या यादीत घातलेलं होतं. म्हणजे आत तीन, बाहेर तीन, गुणाकार नऊ. नव्या रांगेतही तीन प्रयत्न धरले असते तर २७ झाले असते. ज्या गेटवेला आधीच धाप लागली आहे त्याला एका संदेशासाठी २७ विनंत्या.

गॉटचा रिट्राय शून्य केला, मधलं फंक्शन काढलं. पुन्हा प्रयत्न करायचा अधिकार आता फक्त रांगेला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मधला वेळ किती ठेवायचा? पहिला मसुदा: दोन सेकंद, चार, आठ, सोळा, दुप्पट करत कमाल पाच मिनिटं. खोटा गेटवे दहा मिनिटं बंद ठेवला आणि ३०० निरोप रांगेत टाकले. चालू झाल्यावर काय झालं ते आलेखात स्पष्ट दिसलं: सगळे निरोप एकाच क्षणी अपयशी झालेले, त्यामुळे सगळ्यांची पुढची वेळही एकच. ३०० विनंत्या एका सेकंदात. खोट्या गेटवेने बहुतेकांना ४२९ दिलं, ते सगळे पुन्हा एकत्र पाच मिनिटं थांबले आणि पुन्हा एकत्र आले.

मार्केटात हे रोज दिसतं. गेटवर गाड्या तुंबल्या आणि वॉचमनने सगळ्या ड्रायव्हरांना "चार वाजता या" सांगितलं तर चार वाजता तीच गर्दी असते.

उपाय जुना आहे. हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांचं अलोहानेट सुरू झालं. बेटांवरची टर्मिनलं एकाच रेडिओ चॅनेलवर बोलायची, दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. पोच आली नाही की प्रत्येकाने यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. पुढे इथरनेटने, म्हणजे तारेवरच्या संगणक-जाळ्याने, त्याला दुपटीची जोड दिली: प्रत्येक टक्करीनंतर थांबण्याची मर्यादा दुप्पट, त्या मर्यादेच्या आत कुठलाही एक क्षण निवडायचा. दुप्पट करणं दहा वेळांनंतर थांबतं, सोळा प्रयत्नांनंतर सोडून देतात. १० मेगाबिटच्या इथरनेटवर त्या थांबण्याचं एकक ५१.२ मायक्रोसेकंद. आमचं एकक दोन सेकंद, पण गणित तेच.

आणि हे न केलं तर काय होतं तेही नोंदलेलं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर ४०० यार्ड. पाकीट हरवलं असं समजून सगळे पुन्हा पाठवत होते, आणि त्याच पुन्हा पाठवण्याने तार भरली होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या लेखात ते मांडलं आणि त्यातून टीसीपीची, म्हणजे इंटरनेटवर पाकिटं पोचवायच्या नियमांची, गर्दी टाळायची रीत घडली. आज टीममध्ये हे वाचून दाखवलं. रिट्रायने दुसऱ्याचं ओझं वाढतं, हे आकड्यात ऐकल्यावर सगळे थोडा वेळ गप्प होते.

आता थांबण्याचा वेळ म्हणजे शून्य ते मर्यादा यांच्यामधला कुठलाही. तोच प्रयोग पुन्हा केला, ३०० निरोप पाच मिनिटांत पसरून गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रांग काल रात्री चाचणीसाठी खऱ्या गेटवेला जोडली होती. पहाटे तिथे देखभाल होती, ५०३ आला, बरोबर रिट्राय-आफ्टर हेडर, म्हणजे पुन्हा कधी यायचं त्याची सूचना. आणि आमच्या वर्करने एका मिनिटात हजारो विनंत्या मारल्या.

कारण: हा हेडर दोन प्रकारे येऊ शकतो, सेकंदांचा आकडा किंवा पूर्ण तारीख-वेळ. आम्ही फक्त आकडा धरला होता. तारीख आली, तिचा आकडा करायला गेलो तर 'नॅन' ('हा आकडाच नाही') झाला, आणि आमचा कोड ज्यावर चालतो त्या नोडमध्ये सेट-टाइमआउट या टायमरला नॅन दिलं की तो एक मिलिसेकंद धरतो. २१४७४८३६४७ मिलिसेकंदांच्या, म्हणजे साधारण २४.८ दिवसांच्या, वरचा आकडा दिला तरी एकच मिलिसेकंद. थांब म्हटल्यावर धावत सुटणारा टायमर.

गेटवेला सकाळी फोन करून सांगितलं, माफी मागितली. दोन्ही प्रकार वाचतो आता. वेळ कळली नाही तर पाच मिनिटं. आणि कुठलाही थांबा एका सेकंदाच्या खाली जाणार नाही, ही तपासणी टायमरच्या अगदी दाराशी लावली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. संध्याकाळी तलावपाळीवर चालताना डोक्यात हेच. गेटवेचा होकार म्हणजे त्याने घेतला एवढंच. पुढे मोबाइल कंपनी, तिथून हँडसेट. शेतकरी डोंगराआड असेल, फोन बंद असेल तर कंपनी संदेश धरून ठेवते आणि ठरावीक मुदतीपर्यंत तीच पुन्हा प्रयत्न करते. 'पोचला नाही अजून' पाहून आपण आपल्याकडून पुन्हा पाठवला, तर फोन चालू झाल्यावर दोन्ही एकदम येतील. घेतल्यानंतर आपण हात लावायचा नाही. अंतिम 'पोचला नाही' आला तरच यादीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मजकूर बदलला. पट्टी नंबर अगदी सुरुवातीला, त्यानंतर ज्याच्या नावाचा लॉट आहे ते नाव. आमची फट कधी उघडलीच आणि संदेश दोनदा गेलाच, तर दोन्हींवर एकच नंबर दिसेल आणि वाचणाऱ्याला कळेल की हा तोच आहे.

लांबीचं गणित करावं लागलं. देवनागरी एसएमएस ७० एककांचा, जोडून जाणारा असेल तर प्रत्येक भाग ६७. आणि मोजणी कोडची होते: 'पट्टी' दिसायला दोन अक्षरं, पण प, ट, हलंत, ट, वेलांटी मिळून पाच. 'निव्वळ' सहा. १३४ च्या आत बसवायला 'निव्वळ रक्कम' ऐवजी 'हाती रु.' केलं. मेहताजींना विचारलं तर म्हणाले, शेतकरी असंच विचारतात, "हाती किती?" साचा डीएलटीवर मंजुरीला टाकला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साचा मंजूर. बुधवारी महाशिवरात्र, मार्केटात रताळ्यांच्या गाड्या लागल्यात. मला गर्दीनंतर बदल करायचा होता. मेहताजी म्हणाले आधी करा, जुना जास्त धोक्याचा आहे. सकाळी सहाला नवी रांग चालू केली आणि दिवसभर गाळ्यावर बसले.

दुपारी दोनला गेटवे मंदावला. सात निरोप 'काहीच कळलं नाही' मध्ये गेले. पडद्यावर ते पिवळे दिसत होते आणि मी श्वास धरून बघत होते. तीस सेकंदांनी स्थिती विचारली गेली. पाच 'मिळाला'. दोन 'असा रेफरन्स नाही', मिनिटभराने पुन्हा नाही, मग पाठवले, गेले. जुना कोड असता तर ते पाचही दोनदा गेले असते.

मेहताजींनी त्या पाचांतल्या दोघांना फोन लावून विचारलं, किती निरोप आले? एक. एक.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

किती वेळा प्रयत्न करायचा, ही मर्यादा काढून किती वेळ करायचा ही लावली: दोन तास. पट्टी त्या दुपारीच कळायला हवी, कारण पुढची गाडी भरायची की नाही ते शेतकरी संध्याकाळी ठरवतो. दोन तासांनंतर निरोप 'न पोचलेल्या पट्ट्या' या यादीत येतो, शेजारी शेतकऱ्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर. मेहताजी तीन वाजता चहा घेताना ती यादी उघडतात, फोन करतात, 'सांगितलं' दाबतात. दाबल्यावर ती ओळ कायमची बंद, रांग तिला पुन्हा शिवत नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज यादीत एकच ओळ होती. मंचरकडच्या एका बाईंचा नंबर एका आकड्याने कमी नोंदलेला. पहिल्याच कप्प्यात अडकला, एकही प्रयत्न वाया गेला नाही. मेहताजींनी गाडीवाल्याला फोन लावला, त्याने त्यांच्या मुलाचा नंबर दिला. नंबर दुरुस्त करून पाठवला, किल्ली तीच, पट्टी नंबर तोच.

जुन्नरच्या त्या शेतकऱ्याच्या भावाचा लॉट गेल्या महिन्यातच विकला गेला. भावातला फरक शेठनी आणि आमच्या कंपनीने निम्मा निम्मा भरून दिला. आज तो स्वतः गाळ्यावर आला होता. मी त्याला मोबाइलवर नवा संदेश दाखवला. त्याने आधी नंबर वाचला, मग नाव, मग खालचा आकडा. म्हणाला, "आता भावाच्या पट्टीला त्याचाच नंबर टाका, माझ्या फोनवर नको." भावाचा नंबर लिहून घेतला आणि तिथेच बदलला.